पाणबुडीवरील नाविकवर्ग : भरती आणि टिकाव

पाण्याखाली संचार करणाऱ्या युद्धनौकेवर काम करणारा अधिकारी व नाविक यांचा खास प्रशिक्षित वर्ग. कोणत्याही नौदलात हा वर्ग संख्येने लहान असतो व त्याची उणीव बहुतेक नौदलांना भासत आली आहे. जिवाची भीती हे या उणिवेचे कारण सर्वसाधारणपणे सांगितले जाते; पण ते अंशतःच खरे आहे. पाणबुडी विकत घेता येते किंवा बांधता येते. तिचा नाविकवर्ग मात्र चालत्या पाणबुडीवरच घडतो आणि चालत्या पाणबुडीअभावी विरून जातो. भारतीय पाणबुडी-दलाच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

प्रारंभीचा काळ : अमेरिकेच्या नौदलाने १९०० मध्ये पहिली पाणबुडी स्वीकारली, तेव्हा पाणबुडीवरील नोकरी समुद्रसेवेत धरली जात नसे, ती किनाऱ्यावरील कामात मोडे. २५ ऑगस्ट १९०५ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘प्लंजर’ या पाणबुडीतून स्वतः बुडी मारली. त्यानंतर त्यांनी पाणबुडीवरील सेवेला समुद्रसेवेचा दर्जा दिला व नाविकांना जादा वेतन मंजूर केले. प्रतिष्ठा आणि पैसा ही दोन साधने तेव्हापासून सर्वच नौदले वापरीत आली आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर काम केलेल्या सु. ४०,००० जणांपैकी २८,००० ते ३०,००० मृत्यू पावले. अमेरिकेनेही ५२ पाणबुड्या व सु. ३,५०० नाविक गमावले. या आकड्यांमुळे पाणबुडीसेवेची धास्ती लोकमानसात रुजली.

सेवेचे स्वरूप : शांततेच्या काळात मात्र नाविकाला अधिक जाचते ते रोजचे जीवन. डीझेल-विद्युत् पाणबुडीत सूर्यप्रकाश नसतो, गोडे पाणी मोजून वापरावे लागते आणि अंगाला व कपड्यांना तेलाचा वास सतत चिकटून राहतो. जागेच्या टंचाईमुळे एकच बिछाना दोघांनी पाळीपाळीने वापरण्याची पद्धतही अनेक नौदलांत होती. पाणबुडी शत्रूपासून लपलेली असल्याने घराशी संपर्क जवळजवळ तुटतो. घरातील आजारपण, मुलांची परीक्षा वा आईवडिलांचे वार्धक्य यांची बातमी उशिरा कळते. त्यामुळे सेवा सोडण्याचा निर्णय पुष्कळदा एकट्या नाविकाचा नसतो, तो कुटुंबाचा असतो.

शिक्षणही खडतर आहे. आपले काम कोणतेही असो, नव्या नाविकाला झडपा, नळ, विद्युत् घटमाला, पाणतीर-नळ्या व बाहेर पडण्याचे मार्ग अशी सर्व पाणबुडी माहीत करून घ्यावी लागते. कारण आग लागली वा पाणी शिरले, तर जवळ असेल त्यालाच हात घालावा लागतो. शाळेतील अभ्यासक्रमानंतर प्रत्यक्ष समुद्रावर उमेदवारी करून तो परीक्षेत उतरला, की त्याला पाणबुडी-दलाचे बोधचिन्ह मिळते. ही उमेदवारी नौकेवरील जागांच्या मर्यादेतच होऊ शकते. जुन्या ‘फॉक्सट्रॉट’ पाणबुडीवर सु. ७५ माणसे असत. ‘शिशुमार’ वर्गात ती सु. ४० आहेत. माणसे घटली, तसे प्रत्येकाचे महत्त्व वाढले आणि शिकाऊ नाविकांसाठी जागा कमी झाल्या.

भारतीय पाणबुडी-दल : भारतीय नौदलातील पहिल्या पाणबुडी-नाविकांनी ब्रिटनमध्ये व नंतर सोव्हिएट संघात शिक्षण घेतले. तेथे यंत्रांबरोबर रशियन भाषाही शिकावी लागली. ‘कलवरी’ ही पहिली पाणबुडी ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा येथे कमांडर के. एस्. सुब्रह्मण्यम् यांच्या अधिपत्याखाली नौदलात दाखल झाली व जुलै १९६८ मध्ये विशाखापटनमला पोहोचली. डिसेंबर १९६९ पर्यंत खांदेरी, करंज व कुरसुरा या पाणबुड्या आल्या. यांपैकी खांदेरी हे नाव अलिबागजवळच्या जलदुर्गाचे, तर करंज हे उरणजवळच्या करंजा बेटाचे आहे. १९७३-७४ मध्ये आणखी चार पाणबुड्या मिळाल्या. १९७४ मध्ये विशाखापटनम येथे ‘सातवाहन’ ही प्रशिक्षणसंस्था सुरू झाली आणि परदेशी शिक्षणावरील अवलंबन कमी झाले.

पुढील वाढ मात्र सलग झाली नाही. १९७४ ते १९८६ या काळात एकही नवी पाणबुडी आली नाही. १९८६ ते २००० या काळात ‘सिंधुघोष’ वर्गाच्या दहा व ‘शिशुमार’ वर्गाच्या चार पाणबुड्या आल्या. आणि २००० नंतर थेट २०१७ पर्यंत डीझेल-विद्युत् पाणबुड्यांत पुन्हा भर पडली नाही. ‘शिशुमार’ वर्गापैकी शाल्की (१९९२) व शंकुल (१९९४) या पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यानंतर तेथील पाणबुडी-बांधणी थांबली व तीत तरबेज झालेले कारागीर पांगले. नाविकवर्गाचेही तेच होते. पाणबुड्या एकदम वाढल्या, की अनुभवी माणसे अनेक नौकांत विभागली जातात. त्या घटल्या, की नव्यांना समुद्र मिळत नाही. भाड्याने घेतलेल्या ‘चक्र’ या अणुचलित पाणबुडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ती १९८८ मध्ये आली व १९९१ मध्ये परत गेली. त्याच नावाची दुसरी पाणबुडी २०१२ मध्ये आली. एकवीस वर्षांचे हे अंतर पंधरा वर्षांनंतर निवृत्तिवेतनास पात्र होणाऱ्या नाविकाच्या सेवाकालाहून मोठे आहे.

अपघात व विश्वास : १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोट होऊन बुडाली व १८ जण मृत्यू पावले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीवर आग लागून दोन अधिकारी दगावले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. अपघातांनी प्राणहानी होते, तसाच विश्वासही खचतो. संकटात आपल्याला वर काढले जाईल, ही खात्री नाविकाला टिकवून धरते. ‘शिशुमार’ वर्गात सर्व नाविक मावतील असा सुटका-गोल आहे. खोल समुद्रातील बचावासाठी स्वतंत्र यान भारताला २०१८ मध्ये मिळाले, म्हणजे दलाच्या स्थापनेनंतर सु. अर्धशतकाने.

भरतीचे क्षेत्र : नौदलाची भरती किनारपट्टीपुरती मर्यादित नाही. गडचिरोली जिल्ह्यातील (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्हा) अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे सागवानाच्या जंगलांसाठी प्रसिद्ध असलेले गाव समुद्रापासून शेकडो किमी. दूर आहे. तेथील तरुणाला समुद्र अपरिचित असला, तरी पाणबुडीच्या बाबतीत तो फारसा मागे नसतो. बंद नौकेतील जीवन कोळीवाड्यातील मुलालाही तितकेच नवे असते. खरा फरक शाळेत पडतो. तांत्रिक कामांच्या भरतीसाठी गणित व भौतिकी घेऊन बारावी होणे अपेक्षित असते आणि विज्ञान शाखेची सोय दुर्गम वनप्रदेशात गावोगाव नसते. भरती झालेल्यांतून स्वेच्छेने पुढे येणारे, त्यांतून वैद्यकीय तपासणीत टिकणारे व शेवटी शिक्षण पुरे करणारे असे प्रत्येक टप्प्यावर लोक गळत जातात. विशेष भत्ते मिळत असले, तरी असे शिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाला व्यापारी नौकांवर आणि उद्योगांतही मागणी असते. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार नव्या नाविकांची प्रारंभीची सेवा चार वर्षांची असून त्यांपैकी अधिकात अधिक २५ टक्के कायम होतात. दीर्घ शिक्षण मागणाऱ्या शाखेत या अल्प मुदतीचा मेळ घालणे हे अवघड काम आहे.

इतर देश : ऑस्ट्रेलियाकडे २००८ च्या सुमारास ‘कॉलिन्स’ वर्गाच्या सहा पाणबुड्या होत्या, पण नाविकवर्ग तीनांपुरताच होता. त्यावर केलेल्या उपायांत वेतनवाढीबरोबरच प्रत्येक पाणबुडीवरील संख्या ४६ वरून ५८ करण्याचा समावेश होता. कारण थोडक्या माणसांवर पडणारा भारच त्यांना सेवेबाहेर ढकलीत होता. नॉर्वेने १९८५ मध्ये व अमेरिकेने २०१० मध्ये पाणबुडीसेवा स्त्रियांना खुली करून भरतीचे क्षेत्र वाढविले. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या गस्ती मात्र अलीकडे सहा महिन्यांपर्यंत लांबल्या आहेत. दुरुस्तीत अडकलेल्या पाणबुड्यांचा भार चालत्या पाणबुड्यांवर पडतो व तो अखेर नाविकांच्या घरांवर येतो.

२०१७ ते २०२५ या काळात माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या भारतीय नौदलात दाखल झाल्या. त्यांनी नाविकांना पुन्हा समुद्र दिला आहे. भत्ते वाढविल्याने माणसे येतात. परंतु ठराविक अंतराने मिळणाऱ्या नव्या नौका, वेळेवर होणारी दुरुस्ती, बचावाची तयारी आणि घरी परतण्याची निश्चित तारीख यांमुळेच ती टिकतात. यांपैकी कशातही खंड पडला, तर एक पिढी शिकल्यावाचून राहते आणि पुढच्या पिढीला शिकविणारे उरत नाहीत.