गुडविल

बी.कॉम.ला भागीदारीची गणितं सोडवताना ‘गुडविल’ रोज भेटायचं. सरासरी नफा गुणिले अमुक वर्षं, झालं उत्तर! मराठी पुस्तकात त्याला ‘ख्याती’ म्हणत.

मूळ शब्द मात्र हिशेबाचा नाही. ‘गुड’ म्हणजे चांगली, ‘विल’ म्हणजे इच्छा. जुन्या इंग्रजीत दोन्ही मिळून अर्थ होता सद्भाव, दुसऱ्याचं भलं चिंतणं. सोळाव्या शतकापासून तो धंद्यात शिरला. १८१० मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी तर ठरवलंच, की जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी परत येण्याची शक्यता, एवढंच गुडविल. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यानेही कलम १४ मध्ये ते पेढीच्या मालमत्तेत धरलं.

आमची हिंगोलीची हळदीची आडत मामंजी आणि धाकटे काका यांच्यात वेगळी झाली, तेव्हा गुडविलची रक्कम वहीत मीच लिहिली. काकांना पैसे पोचले, पण दोघा भावांचं बोलणं थांबलं. ख्यातीची किंमत झाली, सदिच्छा कुठल्याच खात्यात सापडेना.

पुढच्या क्षमावाणीला मामंजी स्वतः काकांच्या दारी गेले आणि हात जोडले. धाकट्यापुढे! काकांनी ते हात धरले आणि आत हाक मारली, “चहा टाका.”

तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. पहिली मैत्री, सगळ्या जीवांविषयी. गुडविलचा जुना अर्थ मला तिथे सापडला. त्याची वाटणी होत नाही, दोघांनाही पूर्ण मिळतो.