सॉफ्टवेअर-बदलाचा सरकारी निर्णय (ब्रिटन, २०१४–१८)

कार्यालयीन संगणकांवरचे जुने सॉफ्टवेअर चालू ठेवावे की नवी आवृत्ती घ्यावी, याबाबत सरकारी खात्यांना घ्यावा लागणारा निर्णय. कागदोपत्री तो खरेदीचा प्रश्न असतो. प्रत्यक्षात तो देखभालीचा आहे, असे ब्रिटनच्या अनुभवावरून म्हणावे लागते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्याच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने सुमारे ५५ लाख पौंड मोजून वर्षभराची मुदतवाढ विकत घेतली. ही उधळपट्टी होती, असा आक्षेप आहे, पण तो पुरता टिकत नाही. रुग्णालयांतील काही तपासणी-यंत्रे एक्सपीवरच चालत, आणि उत्पादकाच्या संमतीशिवाय त्यांतली प्रणाली बदलणे रुग्णालयाच्या हाती नव्हते. चूक पुढे झाली. एप्रिल २०१५पर्यंत एक्सपी सोडण्याच्या योजना तयार ठेवा, असे सरकारी आरोग्यसेवेच्या ट्रस्टना, म्हणजे रुग्णालये आदी सेवा चालवणाऱ्या संस्थांना, कळवण्यात आले. ते पाळले गेले की नाही हे तपासण्याची रीतसर व्यवस्था मात्र आरोग्य खात्याकडे नव्हती. मुदतवाढीचे नूतनीकरणही झाले नाही.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने इंग्लंडमधील २३६पैकी किमान ८० ट्रस्टना फटका दिला. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. खापर लगेच एक्सपीवर फुटले. आवृत्ती वेळेवर बदलली असती तर हे टळले असते, हा युक्तिवाद तेव्हापासून रूढ आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालाने त्यातली हवा काढून घेतली. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ची, म्हणजे सपोर्ट असलेल्या प्रणालीची होती. त्यांना लागणारा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. तो बसवलाच गेला नव्हता. नव्या आवृत्तीत संरक्षण अधिक असते, हे खरे. पण पॅच बसवण्याची शिस्त नसलेले कार्यालय नव्या आवृत्तीवर गेले, तरी ती शिस्त त्याला परवान्यासोबत मिळत नाही. खात्याने हल्ल्याचा खर्च पुढे ९ कोटी २० लाख पौंड धरला. त्याची मुदतवाढीच्या ५५ लाखांशी तुलना करण्याचा मोह होतो. मात्र एक्सपीची मुदतवाढ विंडोज ७च्या यंत्रांना वाचवू शकली नसती. २०१८ साली आरोग्यसेवेने विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टशी करार केला. त्या प्रणालीचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.