रणगाडा आणि गाळ

नौदलातल्या जहाजाचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. ते कोणत्या गोदीत बांधले, कधी दाखल झाले, कोणत्या मोहिमांवर गेले आणि शेवटी कुठे मोडीत निघाले, एवढे नोंदवले की काम झाले. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे वाहणाऱ्या ‘एलसीटी’ या उतरण-नौकांना मात्र ही रीत पुरत नाही. एलसीटी ७०७४ चे उदाहरण घ्या. १९४४ मध्ये इंग्लंडच्या हेबर्न येथे बांधलेली ही नौका ७ जून १९४४ रोजी दहा रणगाडे घेऊन नॉर्मंडीच्या गोल्ड किनाऱ्याला लागली. युद्धानंतर लिव्हरपूलमध्ये ती करमणुकीचे ठिकाण बनली, पुढे गोदीच्या पाण्यात बुडाली, २०१४ मध्ये वर काढली गेली आणि २०२० पासून साउथसीच्या संग्रहालयात आहे. तपशील सारे खरे आहेत. पण ती नौका यशस्वी का झाली, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर किनाऱ्याच्या वाळूत आणि त्या दिवसाच्या भरतीत आहे. ठाण्याच्या खाडीकाठी, बाळकुम-कोळशेतच्या पट्ट्यात, हा मुद्दा अधिक स्पष्ट दिसतो. कारण पाणी आणि जमीन यांच्यामधला गाळ ओळखण्याची कला इथे युद्धाच्या आधीपासूनच रोजच्या जगण्याचा भाग होती.

या नौकेची रचनाच मुळात काठासाठी होती. बूड सपाट, पुढचा भाग उथळ आणि नाळेच्या जागी पाण्यात खाली पडणारी लोखंडी झडप. किनारा जवळ आला की मागचा नांगर आधीच टाकायचा, पुढचे तोंड वाळूत रुतवायचे, रणगाडे उतरवायचे आणि त्याच नांगराच्या दोराने स्वतःला मागे ओढून घ्यायचे. उतार फार सौम्य असला तर नौका दूरच टेकते आणि झडपेपुढे खोल पाणी उरते. ओहोटीची वेळ चुकली तर ती तिथेच अडकते. तळाशी गाळ असला तर तीस टनांचा रणगाडा पहिल्या काही हातांतच रुततो. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधल्या दिएपला नौकांनी रणगाडे किनाऱ्यावर पोहोचवले, पण तिथल्या सुट्या गोट्यांवर अनेकांचे पट्टे निकामी झाले. नौकांनी काम केले होते. काठाचा अंदाज चुकला होता.

आपल्या दृष्टीने अधिक जवळचा पुरावा आराकानचा आहे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या या किनाऱ्यावर अक्याब, म्येबोन, रामरी आणि कांगॉ येथे लागोपाठ सैन्य उतरवले गेले. त्यात रॉयल इंडियन नेव्हीच्या लँडिंग क्राफ्ट विंगचे खलाशी होते आणि ‘नर्मदा’ व ‘जमना’ या भारतीय युद्धनौकांच्या तोफा होत्या. तिथला किनारा ठाण्याच्या खाडीसारखाच: तिवरांची दाट रांग, नागमोडी ओहोळ, भरतीत बुडणारी भातशेते. १२ जानेवारीला म्येबोनमध्ये ओहोटी लागल्यावर मागून आलेल्या तुकड्या खोल चिखलात अडकल्या, आणि १९व्या लान्सर्सच्या शर्मन रणगाड्यांसाठी सॅपरांना, म्हणजे लष्करी अभियंत्यांना, खडक फोडून दुसरी जागा करावी लागली. २२ जानेवारीला कांगॉला जाताना नौकांना शत्रूच्या मुलखातून वळणे घेणाऱ्या अरुंद ओहोळाने वर जावे लागले. मागोमाग आलेल्या ५१व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. जानेवारीअखेरीस थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीने कांगॉची मेलरोज टेकडी घेतली. ३१ जानेवारीला तिथल्याच ‘टेकडी १७०’ वर जपान्यांनी निकराचा हल्ला चढवला तेव्हा तिथे लान्सर्सचे मोजकेच रणगाडे होते. ते नष्ट करण्यासाठी जपानी सॅपरांनी प्राणांची पर्वा केली नाही. ते रणगाडे तिथवर पोहोचले होते, कारण कुणीतरी गाळातून वाट काढली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे काम स्थानिक जाणकारीने केले नाही, शास्त्राने केले. म्येबोनच्या आदल्या रात्री पाहणी पथकाने पाण्यात रोवलेल्या खुंटांना सुरुंग लावले. अशी पथके वाळूचे नमुने घेत, उतार मोजत. हे खरे आहे. पण ती पथके नेमके काय शोधत होती? काठावरच्या माणसाला जे पिढ्यान् पिढ्या माहीत असते तेच, एका रात्रीत, शत्रूच्या नजरेखाली. शास्त्राने त्या ज्ञानाची गरज संपवली नाही, उलट ते किती मोलाचे आहे हे सिद्ध केले. जिथे ही पाहणी अपुरी राहिली तिथे किंमत मोजावी लागली. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ ‘घडियाल’ आणि ‘गुलदार’ या आपल्या नौकांतून गुरखा सैनिक उतरू लागले, तेव्हा वाळूच्या बांधापलीकडे अनपेक्षित खोल पाणी निघाले आणि जवान बुडाले. उरलेल्यांना किनाऱ्यावर नेण्यासाठी स्थानिक होड्या वापराव्या लागल्या.

ठाण्याच्या इतिहासात हाच धडा आराकानच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने कळव्याच्या बाजूने रात्री खाडी ओलांडून पोर्तुगीजांचे ठाणे घेतले. त्या मोहिमेला बळ देणाऱ्यांत अंजूरचे गंगाजी नाईक होते, आणि अंजूर हे भिवंडीकडचे खाडीकाठचेच गाव. किल्ला अपुरा बांधलेला होता आणि अंमलदार पळाला, हेही विजयाचे कारण होते. तरी रात्रीच्या अंधारात फौज पार करायला पाण्याची वेळ आणि उतरायची जागा ठाऊक असलेली माणसे लागतातच. त्या काळचा मचवा आणि लोखंडी एलसीटी यांची ताकद सारखी नाही. दोन्हींसमोरचा प्रश्न मात्र एकच होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आराकानची लढाई साम्राज्याची होती, तिचा अभिमान आपण का बाळगावा? अभिमानाचा आग्रह इथे नाही, नोंदीचा आहे. लँडिंग क्राफ्ट विंगचा ‘हमला’ हा तळ आधी मंडपमला आणि नंतर मालाडजवळ मार्वेला होता. बाळकुमशेजारच्या कोळशेतला ‘अकबर’ हे नौदलाचे प्रशिक्षण केंद्र होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावरून सुरू झालेल्या नाविकांच्या उठावात मुंबई परिसरातल्या अशाच केंद्रांतले खलाशी उतरले. ज्यांना साम्राज्याने किनारे जिंकायला शिकवले त्यांच्यातलेच खलाशी वर्षभरात त्याच साम्राज्याविरुद्ध उभे राहिले. हा इतिहास परका म्हणून बाजूला ठेवला तर उठावाचा अर्थही अर्धाच कळतो.

म्हणूनच उतरण-नौकांचा इतिहास लिहिताना गोदी आणि तारखांबरोबर भरतीची वेळ, काठाचा उतार आणि गाळाची जात यांना जागा मिळायला हवी. ठाण्याच्या स्थानिक इतिहासानेही आगरी-कोळी समाजाचे खाडीविषयीचे ज्ञान केवळ मासेमारीच्या प्रकरणात न ठेवता लष्करी इतिहासाचा पुरावा म्हणून नोंदवावे. उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीतला फरक, कोणत्या तिथीला कुठली वाट खुली होते आणि कुठे पाय रुततो, हे सांगणारी माणसे खाडीकाठी आजही आहेत. भराव आणि इमारतींनी काठ झपाट्याने बदलत असताना ही नोंद आता करणे शक्य आहे. पुढच्या पिढीने ती करायची ठरवली, तर विचारायला कुणी उरेलच असे नाही.