घंटेपलीकडील प्रार्थना : कष्टाचा दिवस आणि मराठी ख्रिस्ती उपासना – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत हे गाव द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो यांच्या व्यापारासाठी सर्वदूर परिचित आहे. येथील कामाचा दिवस घड्याळापेक्षा हंगामावर चालतो. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीपासून द्राक्षे उतरेपर्यंत बागाईतदाराला स्वस्थता नसते. त्याच्या मळ्यात राबण्यासाठी पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या मजुराला तर ती त्याहूनही कमी असते. अशा दिवसात मनुष्याने ईश्वराचे स्मरण केव्हा आणि कसे करावे, हा प्रश्न सर्वच धर्मपरंपरांपुढे उभा राहिला आहे. ख्रिस्ती परंपरेने त्याला दिलेली उत्तरे आणि नाशिक व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजात त्यांना लाभलेले रूप यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दिवसाचे तास आणि प्रार्थनेचे तास

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला या परिसरातील वाचकास सहज कळावा असा आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो. पुन्हा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या ताशी तो बाजारात जातो आणि कामावाचून उभ्या असलेल्यांना मळ्यात पाठवतो. सूर्योदयापासून मोजल्या जाणाऱ्या या तासांपैकी तिसरा, सहावा व नववा हे तीन तास नंतरच्या ख्रिस्ती मंडळीत नित्य प्रार्थनेचे तास ठरले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र सहाव्या ताशी धाब्यावर प्रार्थनेला जातो. पेत्र आणि योहान नवव्या ताशी मंदिरात जातात. प्राचीन मंडळीतील ‘डिडाखे’ या लेखनातही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याचा आदेश आढळतो. म्हणजेच ज्या तासांनी मजुराचा दिवस मोजला जाई, त्याच तासांनी प्रार्थनाही मोजली जाऊ लागली.

तथापि ठरलेल्या वेळी काम थांबवण्याचे स्वातंत्र्य सर्वांना नसते. बायबलमधील नहेम्या हा याचे बोलके उदाहरण होय. इ. स. पू. ४४५ च्या सुमारास तो इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमच्या दुर्दशेमुळे त्याचा चेहरा उतरलेला पाहून राजाने कारण विचारले, तेव्हा तो अत्यंत भयभीत झाला. तुझी मागणी काय, असे राजाने विचारल्यावर त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि मगच उत्तर दिले. हातातील चाकरी न सोडता, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधील क्षणभराच्या अवकाशात केलेली ही प्रार्थना आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी रचलेल्या नियमावलीनेही ही अडचण ओळखली होती. जे बंधू प्रार्थनागृहापासून दूर कामावर असतील, त्यांनी जेथे काम चालू असेल तेथेच गुडघे टेकून प्रार्थना करावी, असे त्या नियमावलीचे पन्नासावे प्रकरण सांगते. घंटेने बांधलेल्या जीवनक्रमातही घंटा ऐकू न येणाऱ्या माणसासाठी जागा ठेवलेली होती, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

शरणपूर : घंटेखालील शिस्त आणि तिच्यापलीकडील कसोटी

नाशिक येथे चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य १८३२ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शहरालगत शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आश्रय मिळाला. अक्षरज्ञानाबरोबरच त्यांना सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय शिकवले जात. शाळा, कारखाना आणि उपासना या तिन्हींचे नियमन एकाच संस्थेकडे होते. या व्यवस्थेने निराधारांना आधार दिला, हे निर्विवाद होय. परंतु दिवसाचे वेळापत्रक त्या मुलांनी ठरवलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

या शिक्षणाची कसोटी नाशिकपासून हजारो मैलांवर लागली. मध्य आफ्रिकेत प्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी १८७२ मध्ये जे लोक पाठवण्यात आले, त्यांत नाशिकमध्ये शिकलेले काही तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक. १ मे १८७३ रोजी पहाटे लिव्हिंगस्टन आपल्या बिछान्यापाशी प्रार्थनेच्या मुद्रेत मृतावस्थेत आढळले. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या प्रसंगी वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. त्यानंतर चुमा, सुसी, वेनराइट व इतरांनी ते शव अनेक महिने वाहून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनविधी झाला, तेव्हा वेनराइट तेथे उपस्थित होता. धर्मगुरू नाही, मंदिर नाही, घंटा नाही; ओझे मात्र समोर आहे, अशा स्थितीत शरणपुरी शिकलेले शब्द उपयोगी पडले. शिस्तीतून आलेली प्रार्थना शिस्तीबाहेर टिकली, हे या घटनेचे महत्त्व होय.

ओवी आणि अभंग : हात न थांबवणारी उपासना

मराठी ख्रिस्ती समाजापुढील अडचण निराळी होती. अहमदनगर जिल्ह्यातील ग्रामीण मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्या माणसांचे प्रमाण मोठे होते. अक्षरओळख त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नव्हती. पुस्तकातून वाचावयाची प्रार्थना आणि परक्या चालीवरील अनुवादित गीत यांना त्यांच्या दिवसात सहज प्रवेश मिळणे कठीण होते. याउलट महाराष्ट्रात कामाशी जुळलेल्या भक्तीची परंपरा शतकानुशतके नांदत होती. अरण येथील सावता माळी यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला; जनाबाईंच्या नामस्मरणात दळणकांडण आले. जात्यावरील ओवीला पुस्तक लागत नाही, वेगळा वेळ लागत नाही आणि तिच्यासाठी हातातील काम थांबवावे लागत नाही.

अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ती प्रशस्त केली. मातृवियोगानंतर नाशिकला येऊन विद्याभ्यास केलेले टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. भजने व ‘अभंगांजली’तील रचना यांद्वारे त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला मराठी माणसाच्या ओठांवर आधीपासून असलेली लय मिळवून दिली. याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नव्हता. जे पाठ होते, ते शेतात, विहिरीवर आणि चुलीपाशीही म्हणता येते. उपासनेची जागा मंदिरापुरती न उरता कामापर्यंत विस्तारली.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या जीवनात या विस्ताराचे दर्शन घडते. नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झाले नव्हते. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातील अनाथ मुलांचा सांभाळ, ओढगस्तीचा संसार आणि पतिनिधनानंतर मुंबईत मुलींच्या वसतिगृहातील नोकरी अशा धकाधकीत त्यांचे आयुष्य गेले. टिळकांनी सुमारे दहा अध्यायांवर सोडलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आणखी ६४ अध्याय रचून पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये श्रद्धा दिसते ती प्रवचनातून नव्हे, तर घरकामाच्या गडबडीतून आणि विनोदातून.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात या दोन्ही पद्धती एकत्र आलेल्या दिसतात. तेथे शेती, विणकाम आणि छपाई ही कामे स्त्रिया करीत. १९०५ मध्ये सदनात प्रार्थनेची मोठी जागृती झाली, तेव्हा नेहमीचा क्रम बाजूला पडून शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढे रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेला बायबलचा अनुवाद सदनाच्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवणे हेही तेथे उपासनेचे काम होते.

सांत्वन की गाऱ्हाणे?

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. कष्टाच्या दिवसातील प्रार्थना ही केवळ सोसण्याची शक्ती देणारी गोष्ट मानली, तर ती सोसावयास लावणाऱ्याच्या सोयीची होते. ज्याच्या हाती घंटा आहे त्याला कामगार शांत राहिलेला हवाच असतो. अलीकडे कामाच्या ताणावरील उपाय म्हणून प्रार्थनेची शिफारस केली जाते, तेव्हाही ताणाचे कारण अस्पर्शित राहण्याचा धोका उरतो. बायबल या बाबतीत भोळे नाही. याकोबाच्या पत्रानुसार, ज्यांनी शेताची कापणी केली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचतो. येथे मजुराची प्रार्थना सांत्वन मागत नाही. ती गाऱ्हाणे मांडते. नहेम्याची क्षणभराची प्रार्थनाही त्याला गप्प बसवीत नाही, राजापुढे मागणी करण्याचे बळ देते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी तर अकराव्या ताशी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासात घंटेने ठरवलेली आणि घंटेपलीकडील असे दोन प्रवाह सुरुवातीपासून एकमेकांना पूरक राहिले आहेत. पहिल्याने शब्द शिकवले. ते शब्द माणसाचे स्वतःचे झाले की नाही, याची परीक्षा दुसऱ्यात झाली. मराठी ख्रिस्ती समाजाने या दुसऱ्या प्रवाहासाठी साधन बाहेरून आणले नाही; ओवी, अभंग आणि कीर्तन यांच्या रूपाने ते येथेच उपलब्ध होते. ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा नाही, अशा माणसालाही ईश्वराशी बोलता यावे, ही या साधनाची खरी देणगी होय. मात्र त्या बोलण्यात त्याच्या दिवसाचा आणि दामाचा हिशेबही आला पाहिजे. पिंपळगावच्या परिसरात तो दाखला वाचताना, सूर्य कलल्यावरही कामाच्या प्रतीक्षेत उभा असलेला मजूर दृष्टीआड होता कामा नये.