दात्र-कोशिका पांडुरोग : संशोधनाचा इतिहास

तांबड्या रक्तकोशिकांना दात्रासारखा (विळ्यासारखा) आकार येणाऱ्या या आनुवंशिक रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागो येथे केले. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये रुग्णाच्या हीमोग्लोबिनावरील विद्युत् भार वेगळा असल्याचे दाखविले. रोगाचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ होय. व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये नेमका भेद शोधला : ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलीन. ही जागा बीटा शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहावी. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन कमी होताच हीमोग्लोबिनाचे रेणू जुळून तंतू बनतात, कोशिका ताठर होतात आणि सूक्ष्म वाहिन्या तुंबून असह्य वेदना होतात. सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्यास सहसा त्रास होत नाही. उलट घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते (ॲन्थनी ॲलिसन, १९५४). महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, गोंड, माडिया इ. जमातींत ते टिकून राहिले, ते यामुळेच.

कारण इतके स्पष्ट असूनही उपचार फार उशिरा आले. हायड्रॉक्सियुरियास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटन व अमेरिका येथे २०२३ मध्ये मान्य झालेल्या जनुक-संपादनाने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाची निर्मिती पुन्हा सुरू होते. मूळ सदोष जनुक मात्र तसेच राहते, हे अनेकदा विसरले जाते. या उपचाराची अमेरिकेतील प्रारंभीची किंमत २२ लाख डॉलर होती व त्यापूर्वी तीव्र रसायनचिकित्साही करावी लागते. गडचिरोली वा नंदुरबार येथील रुग्णास वेळेवर रक्ततपासणी व हायड्रॉक्सियुरिया हेच अधिक आवाक्यातील आहे.