मुंबईच्या रडारला अरबस्तान कसं दिसलं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत २०० मेगाहर्ट्झवर चालणारं एक रडार होतं. पावसाळ्याआधीच्या उन्हाळी दिवसांत त्याच्या लहरी दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्यावर आपटून परत येत. एरवी १०० मीटर उंचीवरच्या रडारला समुद्राचा पृष्ठभाग जेमतेम ४१ किलोमीटरपर्यंत दिसतो, कारण पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. मग हे घडलं कसं?

लहरी वाकतात कशा?

जमिनीलगतची हवा दाट आणि दमट असते, वर ती विरळ होत जाते. त्यामुळे रडारची लहर किंचित खाली वाकते आणि नजरेच्या क्षितिजापेक्षा थोडी पुढे पोहोचते.

उन्हाळ्यात जमिनीवरची उष्ण, कोरडी हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेवर पसरते. दोन्हींच्या सीमेवर आर्द्रता एकदम घटते. तिथे लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही जास्त वाकते आणि समुद्र व त्या थराच्या मध्ये अडकून, नळीतून गेल्यासारखी दूरवर जाते. मान्सूनचे जोरदार वारे हे थर घुसळून टाकतात, आणि ती नळी मोडते.

पावसात काय होतं?

पावसाचे थेंब लहरी शोषतात आणि विखुरतात. तरंगलांबी जितकी कमी, तितकं नुकसान जास्त. डीटीएचची तरंगलांबी साधारण अडीच सेंटीमीटर असते, म्हणून मुसळधार पावसात टीव्ही बंद पडतो. कुलाब्याच्या हवामान रडारची सुमारे १० सेंटीमीटर आहे, त्यामुळे त्याच्या लहरी पावसातून बऱ्याच अंशी शाबूत पार जातात. ३ सेंटीमीटरच्या रडारला मात्र जोरदार सरीमागचा पाऊस कमी दिसतो, कधी दिसतच नाही.

तुम्हाला याचा उपयोग काय?

पावसाळ्यात रडारची चित्रं मोबाइलवर भराभर फिरतात. पण लहर खाली वाकून डोंगरावर किंवा समुद्रावर आदळली, तर निरभ्र आकाशातही चित्रात ‘पाऊस’ उमटू शकतो. असे खोटे ठिपके गाळण्याची सोय रडारमध्ये असते, तरी काही सुटतात. म्हणून एकाच चित्रावर विसंबू नका. लागोपाठची तीन-चार चित्रं बघा. ठिपका जागचा हलत नसेल आणि उपग्रहाच्या चित्रात तिथे ढग नसेल, तर तो बहुधा पाऊस नाही. उलट, ठळक सरीमागचा भाग रिकामा दिसला म्हणून तिथे कोरडं आहे असंही समजू नका. धोक्याचा इशारा दिलेला असेल तर तोच प्रमाण माना.