टिटॅनियम ऑक्साइडाची विद्युत् अग्रे
टिटॅनियमाच्या पृष्ठावर धनाग्रीकरणाने ऑक्साइडाचा थर वाढवून व त्यात एंझाइमासारखा जैव पदार्थ बसवून तयार केलेली विद्युत् अग्रे. रक्तातील ग्लुकोज, हायड्रोजन पेरॉक्साइड इ. पदार्थांचे प्रमाण विद्युत् प्रवाहाच्या रूपाने मोजण्यासाठी त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहेत.

टिटॅनियम हे मूलद्रव्य दुर्मिळ नाही. जळगाव जिल्ह्यातील बोदवड परिसराची कपाशीची काळी जमीन दक्षिण ट्रॅपच्या ज्या बेसाल्टापासून बनली, त्यात टिटॅनियम डाय-ऑक्साइड सामान्यतः २ ते ३ टक्के असते. पण ते विखुरलेले असल्याने वेगळे काढणे परवडत नाही. ट्रॅपच्या झिजेतून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर साचलेल्या काळ्या वाळूत मात्र इल्मेनाइट एकवटलेले आढळते. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये हे मूलद्रव्य अशाच काळ्या वाळूत आढळले आणि १७९५ मध्ये एम्. एच्. क्लापरोट यांनी त्याला सध्याचे नाव दिले. भारतात खनिज विपुल असूनही स्पंजरूप धातूचे उत्पादन केरळातील चवरा येथे २०११ मध्ये सुरू झाले. या धातूची ऑक्सिजनाविषयीची आसक्ती इतकी तीव्र आहे की, तो वेगळा करणे खर्चाचे व अवघड ठरते.

याच आसक्तीमुळे धातू हवेत उघडा पडताच त्यावर काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) जाडीचा ऑक्साइडाचा थर चढतो. तो धातूला गंजू देत नाही व शरीरही त्याला सहसा बाधक मानत नाही. स्वीडनमधील पेर-इंगव्हार ब्रॉनेमार्क यांना टिटॅनियमाशी हाड घट्ट जुळते असे १९५२ मध्ये ससावरील प्रयोगांत दिसून आले; १९६५ मध्ये त्यांनी रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमाचे खुंट बसविले. परंतु संवेदकाच्या दृष्टीने हाच थर अडचणीचा आहे, कारण तो इलेक्ट्रॉनांची वाट अडवितो. क्लार्क व लायन्स यांनी १९६२ मध्ये एंझाइमयुक्त विद्युत् अग्राची कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये त्या तत्त्वावरील ग्लुकोजमापक बाजारात आला, त्या वेळी प्लॅटिनमाचाच आधार घ्यावा लागला.

धातूचा पत्रा विद्युत् घटात धनाग्र म्हणून जोडल्यास थर वाढतो. त्याची जाडी दर व्होल्टला सु. २ नॅनोमीटर भरते व जाडीनुसार सोनेरी, जांभळा, निळा असे रंग दिसतात. विद्रावात फ्ल्युओराइड असेल, तर ऑक्साइड बनत असतानाच काही अंशी विरघळते आणि थराला छिद्रे पडतात. व्ही. झ्विलिंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे सच्छिद्र थर वर्णिले. २००१ मध्ये अमेरिकेत सी. ए. ग्राइम्स यांच्या गटाने विरल हायड्रोफ्ल्युओरिक अम्लात शेजारीशेजारी उभ्या नलिकांची दाट रांग मिळविली. नलिकांमुळे तेवढ्याच पत्र्यावर एंझाइमाला कितीतरी अधिक जागा लाभते. कॅनडात लिऊ व चेन यांनी २००५ मध्ये पेरॉक्सिडेज एंझाइमाबरोबर थायोनीन हा रंजकही नलिकांत शोषवून हायड्रोजन पेरॉक्साइडाचे मापन केले. इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम रंजकाकडे सोपविले होते.

मूळ अडचण यामुळे पूर्णपणे सुटलेली नाही. नव्या थरातील ऑक्साइड अस्फटिकी असते, सु. ४५०° से. तापमानास तापविल्यावर ते ॲनॅटेजात रूपांतरित होऊन त्याची संवाहकता सुधारते, तरी ते अर्धसंवाहकच राहते. शिवाय एंझाइमाची क्रियाशीलता काळानुसार घटते. मधुमेहाचे रुग्ण घरी वापरतात त्या पट्ट्यांत अजूनही बहुधा कार्बनाची किंवा सोन्यासारख्या मौल्यवान धातूंची अग्रे असतात.